वाघोबाच्या बनाला आवतण

सरदार पेंटरचा हात एकदा चालायला लागला की डोकं आपोआप बंद पडतं, असं त्याची बायको रईसा लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आली होती. पिवळ्या पट्ट्यांच्या वेळी तिचं म्हणणं पुरतं खरं ठरलं.

चितेगावहून आत वळून पाचोडच्या अंगाला निघालं की वाटेत तांबुळखेडा लागतं. तिथं फाट्यावर सरदारचं दुकान. एके काळी आसपासच्या ट्रॉल्यांवरचे मोर आणि टेम्पोंच्या मागची कमळं सगळी त्याच्याच हातची. माणसाचा चेहरा मात्र त्यानं जन्मात काढला नव्हता. मोर काढ, वाघ काढ, पण आदमी का चेहरा नक्को, असा त्याच्या अब्बांचा दंडक. पुढं फ्लेक्स आलं आणि ज्याच्या-त्याच्या वाढदिवसाला गावभर चेहरेच चेहरे झाले. सरदारच्या ब्रशांना नुसती वाळवी लागायची बाकी राहिली होती.

म्हणून एक दिवस सरपंच साहेबराव गुडघा चोळत दुकानाच्या पायरीवर टेकले आणि काम आहे म्हणाले, तेव्हा गडी हरखून गेला.

"वाघोबाच्या बनात झाडांना पट्टे मारायचेत," साहेबराव म्हणाले. "मनगटाएवढं खोड दिसलं की मार पट्टा. आकडे मागून टाकू. नुसती मोजणी हाय, दुसरं काय नाय."

"रंग कोणता?" सरदारनं विचारलं.

घ्या! देवाच्या बनातली झाडं कोण मोजतंय, कशापायी मोजतंय, ते विचारायचं सोडून ह्या शहाण्यानं रंग विचारला. साहेबराव म्हणाले, असेल तो मार. सरदारकडं शाळेच्या कामातला हळदीसारखा पिवळा ऑइल पेंट उरला होता. तोच घेऊन तो निघाला.

गावाच्या वरच्या अंगाला टेकडी, टेकडीच्या पायथ्याला भिल्लांची वस्ती आणि वस्तीच्या मागं वाघोबाचं बन. त्या बनात आजवर कुणी कुऱ्हाड नेलेली नव्हती. पडलेली काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही, अशी रीत. औषध तेवढं निघायचं, आणि तेही वस्तीतल्या साळूबाईच्या हातानं. तिच्या आधी तिची आई होती, आईच्या आधी आजी. गावात पाटील असो, मोमीन असो, नाहीतर वस्तीतलं पोर असो, बारीकसारीक दुखणं झालं की पाय तिच्याच झोपडीकडं वळायचे. मोठं दुखणं दिसलं की ती स्वतःच म्हणायची, "हे माझ्या हातचं नाय, दवाखाना गाठ." म्हणून लोकांचा तिच्यावर भरवसा होता.

तो दिवस पाचोडच्या बाजाराचा होता. सगळी वस्ती बाजाराला गेलेली. सरदारनं दोन बोटं रुंदीचा ब्रश घेतला आणि कमरेएवढ्या उंचीवर एकेका खोडाला पिवळी रेघ ओढत गेला. हात कसा सुंदर चालला होता म्हणता! दिवस मावळायच्या आत बन पुरं करून तो घरी आला, आणि ती गोष्ट विसरूनही गेला.

विसरायला कारणही तसंच होतं. लेक जन्नत बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिची माहनूर दिवेलागणीची वेळ झाली की रडायला सुरुवात करायची. रडणं म्हणजे साधंसुधं नाही. पाय पोटाशी घेऊन, तोंड लालबुंद करून, शेजारपाजाऱ्यांना त्यांचा टीव्ही ऐकू येऊ नये इतकं. चितेगावच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. बाळ चांगलं आहे, पोटात वारा धरतो, महिन्या-दोन महिन्यांत आपोआप थांबेल, म्हणाले. खरंच होतं त्यांचं. पण ते 'आपोआप' येईपर्यंत घरातल्यांनी करायचं काय? रईसानं शहरातून, गुलमंडीवरनं, पोटदुखीवरची मुरुडशेंग मागवली, तर ती निघाली किडकी.

"अजी, साळूमावशीकडनं ताजी शेंग लेके आव," रईसा म्हणाली. "अपनी जन्नत उसीपेच बडी हुई."

सरदार वस्तीवर गेला. साळूबाई दारात बसली होती. हात रिकामे, पुढ्यात ना मुळी ना पाला. एवढी तोंडाळ बाई, पण त्याला बघून नुसती मान हलवली.

"मावशी, नातीचं पोट दुखतंय. मुरुडशेंग पायजे होती."

"बन बंद हाय," ती म्हणाली.

"बंद म्हंजे?"

"कुणीतरी आवतण दिलंय, सरदार. एकाला नाय, दोघाला नाय, आख्ख्या बनाला."

आता हे आवतण म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. साळूबाईच्या घराण्याची रीत अशी, की झाडाकडं औषध मागायला उठून तसंच जायचं नाही. आदल्या संध्याकाळी जायचं, खोडाला दोन बोटं हळद लावायची, मुळाशी चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि दुखणेकऱ्याचं नाव घेऊन म्हणायचं, उद्या येते, माझ्यासंगं चल. झाडाचं नाव घ्यायचं नाही, औषध काय करणार तेही बोलायचं नाही; नाव फक्त माणसाचं. मग सकाळी ज्यानं आवतण दिलं, त्याच्याच हातानं पाला किंवा शेंग खुडायची. तोवर त्या झाडाला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. शिवलं, तर त्या दुखणेकऱ्याचं दुखणं शिवणाऱ्याच्या अंगात येतं. पाहुणा जेवायला बोलावलाय एकानं, ताटावर दुसऱ्यानं कसं बसावं?

"म्या पाचोडहून आले अन् बघते तर काय," साळूबाई म्हणाली, "समद्या झाडांना दोन बोटं पिवळं! माझे तर हातपाय गळाले. एका झाडानं एक माणूस उठतो रं. आख्ख्या बनाला आवतण म्हणल्यावर गावावर दुखणं तरी केवढं आलं आसंल? घरोघर फिरले. कुणी खोकतंय, कुणी कण्हतंय, पण खरं काय ते कुणी बोलंना. अन् ही हळद बी कसली! परवा एवढा पाऊस पडला, रेघ हलली नाय. लई जबर आवतण हाय हे."

सरदारनं दोन्ही हात पाठीमागं नेले. नखांत अजून पिवळा रंग होता.

तिथल्या तिथं बोलायला काय झालं होतं त्याला? पण नाही. "बरं मावशी," म्हणाला आणि शेपूट घालून घरी आला.

इकडं गावाची पार दैना. चौकात जो तो साळूबाईच्या नावानं बोटं मोडत होता. कुणाची दाढ ठणकत होती, कुणाचा खोकला हटत नव्हता, कुणाच्या बैलाचा खांदा सुजला होता. दवाखाना होताच, पण साध्या खोकल्यासाठी चितेगाव गाठायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. आजवर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, की आपण त्या बनाच्या किती जिवावर आहोत. खुद्द साहेबराव मिठाच्या पुरचुंडीनं गुडघा शेकत ओसरीवर बसलेले आणि येईल त्याच्यावर खेकसणारे. शेवटी ते शहरात पुंडलिकनगरला मुलाकडं निघून गेले, मोठ्या डॉक्टरला गुडघा दाखवायला.

त्या दिवशी दुपारी जेवताना रईसाची नजर सरदारच्या नखांवर गेली.

"ये पिवला क्या लगा जी?"

सरदारनं घास गिळला आणि मग सगळं सांगून टाकलं. रईसा ऐकत होती, तिची भाकर हातातच राहिली.

"झाडां कायकू गिनते? शादी लगानी क्या उनकी?" ती कडाडली. "काटनेकू गिनते! इत्ती अकल नै तुमकू?"

अक्कल होती. तीच तर पंचाईत होती. ब्रश बुडवला तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. गावाबाहेरच्या पडीक जागेवर कुणाचंतरी गोडाऊन येणार, असं ग्रामपंचायतीत चाललेलं त्यानं कानावर घेतलं होतं. पडीक जागा म्हणजे वाघोबाचं बन, हे कळायला काय पंडित लागत नाही. पण बऱ्याच दिवसांनी हातात ब्रश आला होता आणि त्याला तो खाली ठेवायचा नव्हता.

"जन्नतके बाद मैं सूखके लकडी हुई थी," रईसा म्हणाली. "किनने उठाको बिठाया मेरेकू? बोलो ना!"

"साळूमावशीनं."

"तो चलो. अब्बीच."

"वो मारेगी मेरेकू."

"मारी तो खाव."

असे ते निघाले. पुढं रईसा, मध्ये माहनूरला घेऊन जन्नत आणि मागं लग्नातल्या बकऱ्यासारखा ओढला जाणारा सरदार. वस्तीवर पोचल्यावर त्यानं साळूबाईसमोर दोन्ही हात पुढं केले.

"मावशी, ते आवतण माझ्या हातचं हाय. हळद नाय ती. ऑइल पेंट हाय."

साळूबाईनं त्याची नखं पाहिली, मग तोंड पाहिलं.

"म्हंजे गाव आजारी नाय?"

"नाय, मावशी."

"मोठी साथ-बीथ काय नाय? कुणी मरत नाय?"

"कुणी नाय."

"आगं माझे बाई!" म्हणून ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पाणी. "मुडद्या! इतके रोज घशाखाली घास उतरला नाय माझ्या. एकेकाचं तोंड बघायची अन् मनात म्हणायची, ह्यो जातोय का तो जातोय. अन् हा म्हणतो ऑइल पेंट!" तिनं सरदारच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगलाच बसला तो. पण त्या धपाट्यानं सरदारच्या छातीवरचा धोंडाच उतरला, असं त्याला वाटलं. रईसाही हसली. जन्नत हसली. कशाला हसतायत ते न कळून माहनूरनं मात्र भोकाड पसरलं.

मग साळूबाईनं डोळे पुसले आणि विचारलं, "पण मंग पट्टे कशापायी?"

सरदारनं सांगितलं. गोडाऊन येणार. येत्या सोमवारी तोडणाऱ्यांची टोळी येणार, असं कालच फाट्यावर त्याच्या कानावर आलं होतं.

तिचा चेहरा उतरला. ती बनाकडं वळली. माझी माय ह्याच झाडांत शिकली, म्हणाली. मग एकाएकी ताठ बसली.

"सरदार, पट्टे कुणाच्या हातचे?"

"माझ्या."

"दोन बोटं पिवळे?"

"व्हय. ब्रशच तसा होता."

"मंग आवतण झालं ते. बनाला काय ठावं, हळद का रंग? तुझ्याबिगर आता कुणी त्या झाडांना हात लावू शकत नाय. फक्त तांदूळ टाकायचे अन् दुखणेकऱ्यांची नावं घ्यायची राहिलीत."

"नामां तो गावमें भोत हैं, मावशी," रईसा म्हणाली. तिच्या डोक्यात उजेड लगेच पडायचा.

"पयलं हिचं नाव," साळूबाईनं माहनूरच्या गालाला हात लावला. "जा रं. तुझं आवतण तर कवाच दिलेलं हाय."

सरदार बनात गेला. साळूबाईनं दाखवलेल्या झुडपाशी त्यानं तांदूळ टाकले, "माहनूर, जन्नतची लेक," असं म्हटलं आणि पिळाची शेंग स्वतःच्या हातानं खुडली. साळूबाईनं ती सहाणेवर पाण्यात उगाळून दोन वेढे बाळाच्या जिभेला लावले. त्या दिवशी दिवेलागण झाली, अजान झाली, देवळातली आरती झाली, तरी माहनूर गप. पाळण्यात पडून स्वतःच्या मुठीकडं बघत होती. घरातली तिन्ही माणसं दबक्या पावलांनी वावरत होती, जणू कुणी हसलं तरी ते सुख उडून जाईल. शेंगेचा गुण का डॉक्टरांचं 'आपोआप' त्याच दिवशी उगवलं, ते अल्लाला माहीत. रईसानं मात्र हिशेब साळूबाईच्या नावावर मांडला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून गाव बनाकडं लोटलं. रईसा आणि जन्नतनं घरोघर जाऊन सांगितलंच तसं होतं. ज्याला ज्या झाडानं कधी उठवलं, त्यानं त्या झाडाशी यायचं, तांदूळ टाकायचे आणि नाव घ्यायचं. कुणाचं कोणतं झाड, ते साळूबाई बोट दाखवून सांगायची. औषधाचा शब्द मात्र तिच्या तोंडून निघाला नाही. शहरातून कुणी येऊन लिहून नेईल ही भीती नव्हती तिला. रीत म्हणजे रीत.

आणि सरदारनं प्रत्येक पिवळ्या पट्ट्यावर त्या-त्या माणसाचं दुखणं काढायला घेतलं. ऑइल पेंट पुन्हा आणलास तर हात मोडीन, असं साळूबाईनं बजावलं होतं; तेव्हा रंग दोनच, गेरू आणि चुना. चेहरा काढायचा नाही, हा अब्बांचा दंडक इथं उलट उपयोगी पडला. कुणाचा नुसता कान, कुणाची दाढ, कुणाचा काटा मोडलेला तळपाय. बैलाचा खांदा. एका बेलाच्या झाडावर बाळंतिणीची खाट, ती रईसाची. मुरुडशेंगेवर पाळणा, तो माहनूरचा. एक म्हातारा आला, म्हणाला माझा खोकला काढ. आता खोकला कसा काढायचा? सरदारनं बराच वेळ डोकं खाजवलं, मग एक बिडी काढली आणि तिच्यावर मोठी फुली मारली. म्हातारा चिडला, बाकीचे पोट धरधरून हसले.

शिवाय झाडांना शिवायचा हक्क एकट्या सरदारचा. त्यामुळं ज्याला पाला हवा, त्याचा पाला त्यालाच खुडून द्यावा लागायचा. पेंटरचा कंपाउंडर झाला, असं गाव म्हणायला लागलं. इतक्या वर्षांत आपल्या चित्रापुढं इतकी माणसं उभी राहिलेली त्यानं पाहिली नव्हती. त्याला फार बरं वाटत होतं, आणि मध्येच सोमवार आठवून ब्रश अडत होता.

ओढ्याच्या कडेला एका निर्गुडीच्या जुन्या, जाड खोडाशी तो आला तेव्हा साळूबाईनं त्याचा हात धरला.

"ह्याच्यावर काय काढू नको. ह्याचा धनी अजून यायचा हाय."

"कोण?"

"दुखणेकऱ्याचं नाव ज्यानं-त्यानं घ्यायचं. म्या फोडीत नसते."

सरदारनं तो एक पट्टा तसाच कोरा ठेवला.

सोमवारी टोळी आली. पाचोडकडचा कडुबा तिचा मुकादम. धिप्पाड गडी, हातात यंत्राची करवत. सगळं गाव बनात बसलेलं. कुणी घोषणा दिली नाही की आडवं पडलं नाही. जो तो आपापल्या झाडाखाली टेकलेला, पानाला चुना लावतोय, शेंगा खातोय. कडुबानं पहिल्या झाडावरचा कान पाहिला, मुळाशी तांदूळ पाहिले आणि करवत खाली ठेवली.

"हे आवतण हाय का वो?"

"व्हय," साळूबाई म्हणाली.

"कान कुणाचा?"

"माझा," समोरची म्हातारी म्हणाली. "दोन्ही कानांनी ऐकू येतंय आता. कापतोस तर काप."

"अन् माझा जाऊ दे व्हय?" कडुबा मागं सरकला. "माझी आजी बी पाला आणायला अशीच जायची. दिलेलं आवतण मोडायचं नसतं, येवढं कळतंय मला. सरपंचाला बोलवा. पयला घाव त्यांनी घालायचा, मंग माझी माणसं हात लावतील."

साहेबराव मुलाच्या गाडीतून आले. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, आणि बनातली जत्रा बघून डोळे लाल.

"पोरखेळ लावलाय नुसता!" ते सरदारवर धावून आले. "तुला मोजायला पट्टे मारायला लावले व्हते. चित्रं काढायला कुणी सांगितलं?"

सरदार एक पाऊल मागं सरकला. पण पाठीमागं रईसा उभी होती, आणि सरपंचापेक्षा तिची भीती त्याला जास्त.

"तुम्ही मोजणी म्हणलात, सरपंच," तो म्हणाला. "खरं काय ते तुम्ही सांगितलं नाय, अन् म्या विचारलं नाय. चूक दोघांची. माझी म्या सुधरून घेतली."

साहेबरावांनी इकडंतिकडं पाहिलं. गोडाऊन आलं तर पोरांना कामं लागतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं. माणूस काही वाईट नव्हता. पण सरपंचानं एकदा शब्द टाकला की मागं घ्यायचा नाही, ही त्यांची खोड. त्यांनी कुऱ्हाड मागितली.

"पयला घाव पायजे ना? घालतो."

पण घालणार कुठं? ज्या झाडाकडं जावं तिथं कुणाचीतरी दाढ, कुणाचातरी पाय, आणि खाली त्या दाढेचा-पायाचा मालक बसून सरपंचाकडं टकामका बघतोय. पुढच्या निवडणुकीत ह्यातला एकेक जण मत टाकणार होता. साहेबराव लंगडत एका झाडावरून दुसऱ्याकडं गेले, दुसऱ्यावरून तिसऱ्याकडं. शेवटी ओढ्याच्या कडेला त्यांना तो कोरा पट्टा दिसला. त्याच्याखाली कुणी बसलेलं नव्हतं.

"हे कुणाचं नाय ना?" त्यांनी विचारलं.

त्यांनी काठी टाकली, कुऱ्हाड उचलली आणि नेम धरायला डाव्या हातानं एक फांदी बाजूला दाबली. पाला चुरगळला आणि त्याचा उग्र वास आला.

साहेबराव जागच्या जागी थबकले. चुरगळलेली पानं त्यांनी नाकाशी नेली. ह्याच पाल्याचं ऊन पोटीस मागच्या पावसाळ्यापासून त्यांच्या गुडघ्यावर होतं. सरपंच असून भिल्लाच्या म्हातारीकडं जातो, असं लोक म्हणतील म्हणून ते मागच्या पाणंदीनं वस्तीवर जायचे. बन बंद झालं आणि तीही वाट बंद झाली. पुंडलिकनगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला, आणि शेक चालू ठेवा म्हणाले. कशाचा शेक, ते साहेबरावांनी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"मारा की," साळूबाई हळूच म्हणाली. "त्याचा धनी काय आला नाय अजून."

साहेबरावांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, हे त्यांना गावाच्या चेहऱ्यांवरून कळलं. सरदारला आत्ता कुठं उलगडा होत होता. सरपंचांचा हात खाली आला. मग ते झाडाशेजारच्या दगडावर बसले, आणि इतक्या मोठ्यानं कण्हले की कडुबासुद्धा धावला.

"साळूबाई," ते म्हणाले, "तांदूळ आहेत का गं?"

तिनं पदराची गाठ सोडून त्यांच्या ओंजळीत तांदूळ घातले. साहेबरावांनी ते निर्गुडीच्या मुळाशी सोडले. एकदा खाकरले. सगळं गाव कान टवकारून उभं.

"साहेबराव," ते खोडाकडं बघत म्हणाले. "उजवा गुडघा."

मग कडुबानं डोकं खाजवत विचारलं, "मंग आता कापू का, सरपंच?"

"काय कापतोस? माझा गुडघा कापतोस व्हय रे?"

जो हशा पिकला, तो फाट्यापर्यंत गेला असेल. बाया पदरानं डोळे पुसत होत्या, कडुबाची टोळी करवती गाडीत टाकत होती. साहेबरावांनी तिथूनच फोन लावला आणि गोडाऊनवाल्यांना सांगितलं, ही जागा नाही, फाट्याजवळची मुरुमाची जुनी खदान बघा. पुढं ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर करून तेच पक्कं केलं. बन देवाचं आहे आणि देवाचंच राहणार, असा ठराव झाला. खदानीची जागा गोडाऊनवाल्यांनाही पसंत पडली. उलट गाड्या वळवायला सोपी म्हणाले.

सरदारनं कोऱ्या पट्ट्यावर गुडघा काढायला घेतला. साहेबराव दगडावर बसून सूचना देत होते. जरा दमदार काढ, सरपंचाचा हाय. सरदारनं मुकाट्यानं गुडघ्याची वाटी थोडी मोठी केली. मग त्यांचा पाला खुडून दिला. साळूबाईनं तो तव्यावर गरम करायला नेला आणि साहेबराव सगळ्या गावादेखत, पुढच्या वाटेनं, तिच्या झोपडीकडं गेले.

दिवस कलला तेव्हा गेरूच्या वाट्या धुता धुता सरदारनं साळूबाईला विचारलं, "मावशी, हे माझं आवतण कधी फिटायचं? का जन्मभर मीच पाला खुडू?"

"रंग उडंस्तवर तुझंच."

"ऑइल पेंट हाय, मावशी. माझ्या हयातीत उडायचा नाय तो."

"मला बी तेच पायजे. तोवर बनाला दुसरं कुणी शिवायचं नाय," साळूबाई म्हणाली आणि उरलेल्या तांदळाची पुरचुंडी उचलून घराकडं चालू लागली.

सरदार वाट्या हातात घेऊन उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि कुणी बघत नव्हतं म्हणून त्यानं दोन्ही येऊ दिलं. मग त्यानं बाही तोंडावरनं फिरवली, माहनूरसाठी एक शेंग खुडली, ती खिशात टाकली आणि घरी निघाला.